कीटकनाशकाला मराठी येते

औषधाची माहिती ते घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत देण्याच्या दोन पद्धती पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथे प्रचलित आहेत. एक पिकाच्या औषधाची, दुसरी माणसाच्या. पहिली बरीच पुढारलेली आहे. तुरीवर अळी पडली की कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या डब्यासोबत माहितीपत्रक येते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लेबल आणि पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत छापावे लागते. कोणत्या अळीला किती मात्रा, विषबाधा झाली तर काय करायचे, हे सगळे मराठीत असते. अक्षर मुंगीच्या पायाएवढे असते, पण असते. वाचता न येणाऱ्यासाठी रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा.

माणसाच्या गोळीला एवढा थाट नाही. १९४५ च्या औषध नियमांनी स्थानिक भाषेची सक्ती केलेली नाही, त्यामुळे पट्टी इंग्रजी बोलते. अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नये असा तिचा अर्थ, आणि २०१६ मध्ये सरकारने तो सांगणारी मोहीमही काढली. रेघ कोणत्याच भाषेत नसल्यामुळे शिकलेला आणि अडाणी असा भेद उरत नाही. ती दोघांनाही कळत नाही.

दुसऱ्या पद्धतीत माहिती वरून खाली उतरते. सुरुवात चिठ्ठीपासून होते. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. ही लॅटिनमधली आद्याक्षरे आहेत. रोमन साम्राज्य बुडून दीड हजार वर्षे झाली, तरी सेनगाव तालुक्यात गोळ्या त्याच्याच भाषेत लिहून मिळतात. २०१६ मध्येच तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने औषधाचे जनेरिक नाव वाचता येईल असे, शक्यतो इंग्रजी मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम केला. तो पाळला गेला तर न कळणारी चिठ्ठी निदान स्वच्छ दिसते.

चिठ्ठी मेडिकलवर पोचते तेव्हा उपचाराला पहिल्यांदा मराठी फुटते : "एक सकाळी, एक रात्री, जेवल्यावर." हे वाक्य बहुधा काउंटरवरच्या पोऱ्याचे असते. गोळी कशासाठी आहे हे त्याला विचारत नाहीत, कारण मागे रांग असते. तो प्रश्न गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंकडे जातो. त्यांना काही मोबदला कामागणिक मिळतो आणि शेजारणीचा रिपोर्ट उजेडात धरून वाचणे हे काम त्या कामांच्या तक्त्यात नाही. संध्याकाळी पारावर चौकशी होते, "काय म्हणले डॉक्टर?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही, गोळ्या देल्या."

ऑपरेशन असेल तर मात्र संमतीपत्राच्या रूपाने छापील मराठी प्रकट होते. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके आणि दुसरे पर्याय सांगून मगच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये बजावले. प्रत्यक्षात हे पाचही मुद्दे "मामा, फुलीपाशी सही करा" एवढ्यात आटोपतात.

मराठीत वैद्यक सांगता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठीतून शिकवणारा वर्ग होता आणि डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तके लिहिली. पुसेगाव ज्या निजामाच्या राज्यात होते, तिथल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक उर्दूतून शिकवले. आजच्या डॉक्टरांनाही मराठी उत्तम येते. फी, तपासण्यांचा खर्च आणि "पुढच्या सोमवारी दाखवा" हे ते इतके सोपे करून सांगतात की कुणालाही दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही.

यात रुग्णाचाही वाटा आहे. "साधा ताप आहे, पाणी प्या, दोन दिवसांत उतरेल" असे स्वच्छ मराठीत सांगून सुई न देणाऱ्या डॉक्टरला फारसे काही येत नाही, असे गावाचे मत पडते. मग रुग्ण जीपने हिंगोली गाठतो, सलाईन लावून घेतो आणि न वाचता येणारी चिठ्ठी घेऊन समाधानाने परततो. ताप दोन दिवसांत उतरतो आणि श्रेय सलाईनला जाते.