नैसर्गिक पालक (भाजी नव्हे)

पोराला काय पाजायचं, हे बहुतेक पालकांचं तीसेक वर्षांपूर्वीच ठरलेलं असतं. त्यांच्या आईनं नाक दाबून एरंडेल पाजलं त्या दिवशी. लहानपणी जे भोगलं ते टाळायचं आणि जे मिळालं नाही त्याला निसर्ग म्हणायचं, एवढंच हे शास्त्र.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात याचे दोन प्रकार आढळतात. पहिला गावातच राहतो. वेखंड, हिरडा आणि मुरुडशेंग उगाळलेल्या सहाणेवर हा वाढला. त्यामुळे सोयाबीनचे पैसे हाती आले की पोट्ट्याची साधी सर्दीही तो सलाईनशिवाय बरी होऊ देत नाही. सुई न टोचणारा डॉक्टर त्याच्या मते कच्चा.

दुसरा प्रकार पुण्यात वाढतो आणि दिवाळीत खंडेश्वराच्या दर्शनाला येतो. लहानपणी बालरोगतज्ज्ञ जिन्याखालीच होते, म्हणून याला आता निसर्ग हवा असतो. गावाकडच्या बुढीची सहाण तो हॉलमध्ये शोभेला मांडतो आणि बाळगुटी कुरिअरनं मागवतो. बाळाच्या जिभेवर मध मेळघाटाचाच लागतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो, असं डॉक्टर सांगतात. मध नैसर्गिक आहे खरा. बॉट्युलिझमचा जीवाणूही तितकाच नैसर्गिक आहे. आणि मेळघाटाचं नाव 1993 पासून बालमृत्यूंसाठी गाजतंय. तिथल्या मायबापांना निसर्गाचा तोटा कधीच नव्हता. तोटा होता तो बालरोगतज्ज्ञाचा.

लसीचा विषय निघाला की हा पालक गांधीजींचा दाखला देतो. गांधीजी देवीच्या लसीच्या विरोधात होते, हे खरं. जानेवारी 1924 मध्ये अपेंडिक्सनं गाठलं तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, हेही खरं. दाखला देताना नेमकं हे वाक्य गळतं. लस नको म्हणून जो हात वर होतो, त्याच्या दंडावर बीसीजीचा वण मात्र स्पष्ट दिसतो.

बुढी या दोन्ही प्रकारांत बसत नाही. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मधला; तिचं लहानपण त्याच्या बरंच आधीचं. तिनं अंगभर फोड पाहिले, अंथरुणावर पसरलेला कडुनिंबाचा पाला पाहिला आणि त्या पाल्यावरून काही पोट्टे उठलेच नाहीत, हेही पाहिलं. निसर्गाशी एवढी जुनी ओळख असल्यानं लसीकरणाच्या दिवशी रांगेत ती पहिली असते. गुटी ती अजूनही उगाळते. मीठ-मिरची ओवाळून नजरही काढते, पण सुई टोचून घरी आल्यावर. गर्दीत कोणाची लागली असेल, सांगता येत नाही.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. सरकारी दवाखान्यात तो फुकट आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी बाळाचं कार्ड तेवढं सोबत आणावं. नंबर बुढी लावून ठेवील.