मुख्यमंत्री कसा निवडावा: नवशिक्या आमदारांसाठी

आमदारसाहेब, अभिनंदन! गुलाल धुऊन झाला असेल, तर दुर्गच्या पद्मनाभपुरातून छत्तीसगडच्या राजधानीत, रायपूरला निघा. विधिमंडळ पक्षाचा नेता निवडायचा आहे. घाबरू नका, तुम्हाला निवडायचं काहीच नाही.

आधी दिल्लीहून निरीक्षक येतील. ते एकेकाला आत बोलावून मत विचारतील. मत द्यावं, त्याचं पुढे काय झालं, हे विचारू नये. मग एका ओळीचा ठराव येतो: निर्णय पक्षश्रेष्ठींवर सोपवला. हात वर करा. नाव जाहीर होताच टाळ्या वाजवा, आणि त्या आपल्या शेजाऱ्याच्या आधी वाजतील हे बघा. वाट पाहण्याची तयारीही ठेवा. 2018मध्ये काँग्रेसला 68 जागा मिळाल्याचं 11 डिसेंबरला कळलं, आपल्याच जिल्ह्यातल्या पाटणचे भूपेश बघेल यांचं नाव 16 तारखेला. 2023मध्ये भाजपने 54 जागा जिंकल्या 3 डिसेंबरला, विष्णुदेव साय ठरले 10 तारखेला. पक्ष बदलला, पाच-सात दिवसांचा घोळ तोच.

याहून झटपट काम हवं असेल, तर मार्च 1985 अभ्यासा. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. भोपाळला अर्जुनसिंहांनी पुन्हा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि लगेच त्यांची रवानगी पंजाबच्या राजभवनात झाली. खुर्चीवर आले आपल्या दुर्गचे मोतीलाल वोरा. महाराष्ट्रातल्या मित्रांनी हसू नये. 1982मध्ये बाबासाहेब भोसले त्यांच्याकडेही असेच अवतरले होते.

कुणी याला फक्त भारतीय रोग म्हटलं, तर अमेरिका पुढे करा. तिथे 1800च्या सुमारास पक्षाचे खासदारच बंद दाराआड अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत. त्या बैठकीला कॉकस म्हणतात. टीकाकार तिला ‘राजा कॉकस’ म्हणू लागले. फेब्रुवारी 1824च्या बैठकीला जेमतेम 66 जण आले. त्यांनी विल्यम क्रॉफर्डना उभं केलं. गडी आधीच पक्षाघाताने खिळलेला. निर्वाचक मतांत तिसरा आला. राजा कॉकस तिथेच संपला. 1831मध्ये मेसनविरोधी पक्षाने बाल्टिमोरला राज्याराज्यांतून प्रतिनिधी बोलावून अधिवेशन भरवलं आणि बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. म्हणजे तिथल्या खासदारांच्या हातून उमेदवारी गेली, ती निदान बाहेरच्या कार्यकर्त्यांकडे. आपल्या आमदारांच्या हातून नेता निवडणं गेलं, ते थेट वर.

शेवटची सूचना. राज्यघटनेच्या 164व्या कलमानुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात. पक्षश्रेष्ठी, निरीक्षक, एका ओळीचा ठराव यांचा त्यात उल्लेखही नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत एकदा उठून गुप्त मतदानाची मागणी करून बघा. मात्र तिकीट पुन्हा हवं असेल, तर ही सूचना गाळून वाचावी.