बत्तीसला चार आणि पुढचा स्टॉप पाटोदा

पुण्याहून बीडला निघालेली एसटी बीड जिल्ह्यात दोनदा शिरते. नगर सोडलं की कड्याच्या आसपास पहिल्यांदा. मग आष्टी ओलांडून ती जामखेडला जाते, म्हणजे पुन्हा नगर जिल्ह्यात, आणि सौताड्याला परत बीडमध्ये येते. नवख्या माणसाला वाटतं, ड्रायव्हर वाट चुकला. बीडकर मात्र निवांत असतो. हाताशी आलेलं पुन्हा लांब जातं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

अशाच एका प्रवासातली, ६ फेब्रुवारी २०२४ ची ही गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची सेमीफायनल चालू होती, भारत विरुद्ध यजमान. एरवी अशा पोरांच्या सामन्याकडे एसटीत कोण बघतो? पण भारताच्या संघात बीडचा सचिन धस होता. वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलेलं, पाठीवर १० नंबर, आणि चारच दिवसांपूर्वी ब्लूमफाँटेनला नेपाळविरुद्ध ११६ धावा. त्यामुळे गाडीत बसलेला प्रत्येक जण त्याचा कुणी ना कुणी लागत होता. सचिनच्या गल्लीत राहणाऱ्याचा मेव्हणा म्हणवणारे एक गृहस्थ तर केवळ या नात्यावर खिडकी मिळवून बसले होते.

नगरच्या स्टँडवर कळलं, आफ्रिकेने ७ बाद २४४ केल्यात. मी डझनभर केळी घेतली. माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक बाबा होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणजे एसटीत प्रवास फुकट, त्यामुळे सल्लाही फुकट. पुढच्या सीटवर कॉलेजचा एक पोरगा मोबाइल घेऊन बसला होता. गाडीतला सगळा जीव त्या मोबाइलच्या चार्जिंगवर टांगलेला. आणि आमच्या डोक्यावर, दांडीला लोंबकळत, पाइपांच्या कंपनीचा एक कोल्हापूरकर उभा होता. त्याला जागा मिळाली नव्हती आणि क्रिकेटशी देणंघेणं नव्हतं.

"आमच्याकडं फुटबॉल बगा," तो म्हणाला. "शाहू स्टेडियमवर पाटाकडील आन् दिलबहार. दीड तासात निकाल, मग दोन दिवस गुलाल. हे काय मर्दा, दुपारपास्नं चाललंय!"

कुणी उत्तर दिलं नाही, कारण भारताचा पहिलाच बॉल पडला आणि आदर्श सिंग गेला. मग एक एक जण जातच राहिला. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी १२ वर बाद झाला, तेव्हा गाडीतल्या एकुलत्या एक सोलापूरकराने डोक्यावर टॉवेल घेतला आणि तो झोपला. ४ बाद ३२. मी दुःखाने एक केळं सोललं. ते तोंडाशी नेणार, एवढ्यात पोरगा ओरडला, "धस आलाय! चौका!"

बाबांनी माझं मनगट धरलं. "आता हलायचं नाही. हाय तसंच राहायचं."

"पण केळं?"

"केळंबी हाय तसंच."

फर्मान गाडीभर पसरलं. जो जसा होता तसा गोठला. कंडक्टरचा एक पाय पायरीवर होता, तो तिथेच राहिला. एक आजी पिशवीत चष्मा शोधत होत्या, त्यांचा हात पिशवीत राहिला. कोल्हापूरकराला निक्षून बजावण्यात आलं: सीट रिकामी झाली तरी बसायचं नाही.

आष्टी आली. तिथे दोन विषय निघतातच. एक रेल्वेचा: नगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर, आणि तेव्हा गाडी जेमतेम आष्टीपर्यंत येऊन दम खात होती. दुसरा विषय अविनाश साबळेचा. याच तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं १९.५० सेकंदांत पळाला आणि सोनं घेऊन आला. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या असतात. अडथळ्यांचा सराव इथल्या रस्त्यावर कुणालाही होतो, पण एका शर्यतीत सात वेळा पाणी, हे ऐकून बाबांनी विचारलं, "ते पाणी मग पुढं कुणाला देत्यात?"

पाण्याचा प्रश्न बाबांना उगीच पडला नव्हता. खिडकीतल्या मेव्हण्याने त्यावर माहिती पुरवली, आणि नात्याच्या मानाने ती अगदी खरी होती. सचिनच्या सरावासाठी बीडमध्ये अर्धीच टर्फ खेळपट्टी होती आणि ती जिवंत ठेवायला दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवावा लागे. टँकरच्या पाण्यावर आलेलं यापेक्षा चांगलं पीक जिल्ह्यात कुणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही. आई पोलीस खात्यात आणि कबड्डी खेळलेल्या, वडील स्वतः क्रिकेटवेडे. तेव्हा पोराला पळवाट म्हणून नव्हतीच.

जामखेडपर्यंत शंभरची भागी झाली. समोरून राजस्थानातल्या गंगानगरचा उदय सहारन किल्ला लढवत होता आणि आमचा सचिन आफ्रिकेच्या वेगवान मफाकाच्या तोफखान्यासमोर चौकार मारायला लागला होता. मागच्या सीटवरचा एक जण भावाला फोनवर स्कोअर सांगत होता. भाऊ आणि भावजय तिकडे पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या ऊसतोडीला कोयत्यावर गेलेले. त्यांच्या खोपीत टीव्ही नव्हता. "मारायलाय रे मारायलाय! थांब, परत मारलं!" धावांपेक्षा या फोनवरूनच आम्हाला सामना जास्त कळत होता.

पाटोद्याला निम्मी गाडी रिकामी व्हायला हवी होती. दोघेच उतरले, आणि त्यांच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की ते मान खाली घालून गेले. आजींचंही गाव तेच. त्या हलल्या नाहीत.

"आजी, उतरा की."

"मी उतरले आन् त्यो औट झाला, तर गावात तोंड दाखवू का?"

कोल्हापूरकराच्या अगदी गुडघ्याशी दोन सीटा मोकळ्या पडल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "पाय गेलं की वो माझं!" पण उभा राहिला. आता त्यालाही चढली होती.

पाटोदा सोडल्यावर तो क्षण आला. सचिन ९६ वर बाद. ९५ बॉलांत ९६, आणि सहारनबरोबर १७१ धावांची भागी. शतकाला ४ कमी. बीडच्या वाट्याला जे येतं, ते सरासरीपेक्षा थोडं कमीच येतं. लगेच तपास सुरू झाला. कोण हललं? माझं केळं तपासण्यात आलं. ते काळं पडलं होतं, पण जागच्या जागी होतं. शेवटी ठपका ड्रायव्हरवर आला: त्याने समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला डिपर मारला होता.

मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली आणि निघेना. पुढे घाट होता, घाटात रेंज जाते. ड्रायव्हर खाली उतरून चाकांना लाथा मारत बसला; विचारलं तर म्हणाला, "टायर गार व्हायलेत." हॉटेलातले, रबडीवाले, दुसऱ्या गाड्यांचे लोक, सगळे त्या पोराच्या मोबाइलभोवती. धावसंख्या बरोबरीत आली आणि सहारन ८१ वर धावबाद. आजींनी पिशवीतला हात आणखी खोल घातला. मग राज लिंबानीने चौकार ठोकला. ८ बाद २४८, सात बॉल राखून, दोन गड्यांनी जिंकलो.

पुढचं नीट सांगता येणार नाही. एसटीच्या पत्र्यावर हलगी वाजत होती. सोलापूरकर टॉवेल काढून नाचत होता. फोनवरचा भाऊ खोपीतून ओरडत होता आणि इकडे त्याचा आवाज स्पीकर न लावता ऐकू येत होता. सगळ्यांत मोठ्याने "धस! धस!" कोण ओरडत होतं? पाइपवाला. गुलाल नाही म्हणून त्याने कुणाच्या तरी डब्यातली लाल चटणी उधळायला घेतली होती. ती आजींनी वेळेवर हिसकावली. केळ्याचे बारीक तुकडे करून बाबांनी प्रसाद वाटला.

घाट उतरताना बाबा कोल्हापूरकराला म्हणाले, "रविवारी फायनल हाय. तुम्ही उभंच राहा."

११ फेब्रुवारीला त्याच बेनोनीत ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७९ धावांनी हरवलं. पाइपवाला त्या दिवशी कुठेतरी बसला होता, याबद्दल गाडीतल्या कुणालाही शंका नसावी.

पुढे १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वेही आली. ती रायमोह्याकडून येते, तिला मांजरसुंब्याचा घाट लागत नाही. पण निकाल लागेपर्यंत टायर गार करत बसणारा ड्रायव्हर तिच्यात नसतो. तेव्हा बीडला जाणं असेल आणि सामना चालू असेल, तर एसटीनेच जा. केळी मात्र आधीच खाऊन घ्या.