गुडघ्यांत बकरी

हाँगकाँग

ती. आई आणि बाबा,

सेमाडोहची रेंज म्हणजे सिपना नदीचा पूर, कधी येईल आणि कधी ओसरेल याचा नेम नाही. म्हणून पत्र. मागच्या फोनवर तुम्हाला एवढंच ऐकू गेलं की मी मारामारी शिकते. आई, तुझं "बाप्पा! जवाई मारतेत काय वं तुले?" मात्र इकडे खणखणीत आलं. स्पीकरवर. जावई समोरच वरण-भात जेवत होते.

ते मारत नाहीत. मी विंग चुन शिकते. ब्रूस ली पोरवयात याच गावात इप मान यांच्याकडे जे शिकला, ते. इप मान मूळचे फोशानचे. 1950च्या सुमारास ते इथं शिकवायला लागले आणि 1972 साली इथंच वारले. मला रात्रपाळीहून एकटीनं यावं लागतं, एवढंच निमित्त. शहर तसं सुरक्षित आहे. अस्वलं तर नाहीतच.

पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले, गुडघे आत घ्या आणि मध्ये बकरी धरली आहे असं समजा. थट्टा नाही, त्या उभं राहण्याचं चिनी नावच बकरी धरण्यावरून पडलंय. वर्गातली मंडळी विसाव्या मजल्यावर वाढलेली. त्यांच्या गुडघ्यांतली बकरी केव्हाच पळाली असणार. मला आपली कानफाटकी बकरी आठवली. बाबा तिला औषध पाजायचे आणि मी तिला अशीच दाबून धरायची. गुरुजींनी खांद्याला धक्का दिला, मी हलले नाही. "आधी कुठं शिकलात?" म्हणाले. मी सांगितलं, सेमाडोह. ते चीनच्या कुठल्या प्रांतात येतं, हे त्यांनी अदबीनं विचारलं.

बाबा, तुमची काठी इथं चालायची नाही. आमच्या घरात ती एकदा फिरवली तर ट्यूबलाइट, टीव्ही आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध एकाच फटक्यात जातील. ही विद्या वीतभर जागेतली आहे. मूठ उभी, कोपर बरगडीशी, ठोसा छातीच्या मधोमध निघून सरळ समोर. हात मागं नेऊन हाणायचं नाही. एका भिक्षुणीनं यिम विंग चुन नावाच्या मुलीला ही विद्या शिकवली आणि जबरदस्तीनं लग्न करू पाहणाऱ्या गुंडाला तिनं लोळवलं, अशी कथा सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण आमच्या वर्गात बायका ती फार मन लावून ऐकतात.

सरावाला लाकडी माणूस असतो. तीन हात, एक पाय, आणि त्याच्यावर करायच्या 116 हालचाली. तुमच्या जावयांना तो सागवानाचा हवा आहे, तोही मेळघाटचा. मी म्हटलं, मागून बघा. बाबा पहिल्यांदा लाकूड वाहतुकीचा परवाना मागतील, मग पंचनामा करतील, लेक-जावई मागाहून.

पण खरी गंमत 'ची साव' नावाच्या सरावात आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटं एकमेकांना चिकटवायची आणि हात फिरवत राहायचे. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. समोरचा कधी रेटतो, कधी ढिला पडतो, हे कातडीला कळलं पाहिजे. माझी जोडीदारीण सत्तरीची आजी आहे. दोन दात सोन्याचे, हात कापसासारखे. मी विचार करेपर्यंत तिची मूठ माझ्या हनुवटीखाली येऊन थांबलेली असते, आणि वर ती हसते.

तिसऱ्या आठवड्यात माझी ट्यूब पेटली. आई, हे तर जातं! तू आणि काकू एकाच खुंट्याला हात लावून बसायच्या. काकू दमली की तिच्याकडे न बघताच तुला कळायचं आणि तू जोर वाढवायचीस. काकू मान्य करायची नाही, तो भाग वेगळा.

कुणी सुरा काढला तर काय, असं तुम्ही विचाराल. गुरुजी म्हणतात, पर्स द्यायची आणि पळायचं. अस्वलाबद्दल बाबाही साधारण हेच सांगतात, फक्त पर्सशिवाय.

एक विचारायचं आहे. काकू ओढत असताना तुझं कोपर अंगाशी असायचं का बाहेर? माझं सारखं बाहेर सुटतं आणि म्हातारी तेवढ्यात आत घुसते. जातं माळ्यावर असेल तर काकूला बोलावून एकदा बसून बघ, आणि रेंज आली की सांग.

तुमची
पोट्टी