बऱ्हाणपूरचे कब्जेदार

खानदेशात, आणि त्यातही धुळ्याच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांतून, कलेक्टर कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग नांदत असतो. पेन्शनीचा पहिला हप्ता हाती पडताच या वर्गास इतिहास आणि पायी भ्रमण असे दोन छंद एकाच वेळी जडतात, आणि ते दोन्ही पत्नीस बरोबर घेतल्यावाचून पुरे करावयाचे नाहीत असा त्यांचा दंडक असतो. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच निवर्तले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले, आणि जुन्या दप्तरांपायी त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला होता ही गोष्ट गावातल्या प्रत्येक सुशिक्षिताच्या कानी पडलेली. त्यामुळे चालणे हा संशोधनाचा अर्धा भाग असून उरलेला अर्धा सवडीने पाहता येईल, अशी या मंडळींची प्रामाणिक समजूत आहे.

आमचे शेजारी रावसाहेब हे या वर्गाचे भूषण. त्यांचे प्रवासाचे ठिकाण ठरलेले, बऱ्हाणपूर. मात्र त्यामागे सौंदर्यासक्तीचा लवलेश नसून निखळ हक्काची भावना आहे. फारुकी सुलतानांनी थाळनेर सोडून तापीकाठी हे नगर वसविले, बुऱ्हाणुद्दीन अवलियाचे नाव त्यास दिले, आणि 1601 मध्ये अकबराने अशीरगड घेईपर्यंत सुमारे दोन शतके खानदेशचा कारभार तेथून हाकला, हे एकदा वाचनात आल्यापासून रावसाहेबांना स्वस्थता नाही. खानदेशची राजधानी खानदेशच्या खात्यावरून उतरून निमाडच्या, म्हणजे आता मध्यप्रदेशच्या, खाती चढली कशी, हा फेरफार मंजूर कोणी केला, आणि हितसंबंधितांना नोटिसा बजावल्या होत्या काय, हे त्यांचे प्रश्न असून, त्यांचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत अधूनमधून जागेवर जाऊन चतुःसीमा पाहून येणे ते आपले कर्तव्य मानतात. चतुःसीमा वाहनात बसून पाहता येत नाहीत. सबब टांगा वर्ज्य.

वहिनींचे माहेर रावेरचे. रावेरकरांना बऱ्हाणपूर म्हणजे इतिहास नव्हे, बाजार. लग्नाचा बस्ता बांधावा तो बऱ्हाणपुरात, जर पारखावी ती बऱ्हाणपुरात, अशी त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे ज्या शहरावर रावसाहेब कागदोपत्री हक्क सांगतात, त्याची वहिवाट लहानपणापासून वहिनींकडे आहे, आणि महसुली कामात मुरलेल्या माणसाला वहिवाटीपुढे कागदाची काय किंमत असते हे सांगावे लागत नाही. या एका कारणासाठी रावसाहेब बऱ्हाणपुरात वहिनींशी विशेष अदबीने बोलतात.

एका हिवाळ्यात त्यांच्या आग्रहास्तव मीही बरोबर गेलो. स्टेशन गावाबाहेर लालबागेत. टांगेवाले पुढे आले, रावसाहेबांनी छत्री आडवी धरून त्यांना वाट करून देण्यास फर्मावले, आणि आम्ही कुंडी भंडाऱ्याकडे चालू लागलो. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखालून तापीकडे झिरपणारे पाणी मध्येच अडवून, भुयारी पाटाने, कोणत्याही यंत्रावाचून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना खानखानान अब्दुर्रहीम याच्या अमदानीत, 1615 च्या सुमारास, एका इराणी भूगर्भज्ञाने सिद्धीस नेली. पाटावर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, वारा-उजेडासाठी काढलेल्या. रावसाहेब कुंड्यांची गणती करण्यात गढले. त्यांची बेरीज दर खेपेस निराळी येते आणि प्रत्येक बेरजेपुढे ते ‘फेरतपासणीस पात्र’ असा शेरा मारतात. वहिनींनी कठड्यावरून खाली डोकावून पाहिले आणि एवढेच म्हटले, “चारशे वर्षं झाली, अजून धार आहे. आपल्या गल्लीतल्या नळाला एकदा इथं आणून दाखवायला हवं.”

शहरात शिरल्यावर मात्र रावसाहेबांची त्रेधा उडाली. कॅप्टन ब्रिग्जच्या आखणीने वळण लागलेल्या धुळेकराला गल्ली म्हटली की ती सरळ जाणार आणि तिला नंबर असणार याची इतकी सवय होऊन गेलेली असते, की शनवारा दरवाज्याच्या आतल्या वाकड्या बोळांत तो दहा पावलांत दिशा हरवतो. परंतु राजधानीच्या मूळ मालकाने रस्ता विचारणे हे दाव्याला बाधक ठरेल या भीतीने तो विचारीतही नाही. आम्ही एकाच अत्तराच्या दुकानावरून पुनःपुन्हा गेलो. शेवटी दुकानदारच उठून उभा राहिला, आणि वहिनींनी त्याला अर्ध्या मराठीत अर्ध्या निमाडीत काही विचारून आम्हांला थेट जामा मशिदीपाशी आणून सोडले.

येथे रावसाहेबांचा खरा विजय होता. आदिलशहा फारुकीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीस एक संस्कृत शिलालेख आहे, त्यात राजांची वंशावळ आणि पंचांगशुद्ध तिथी दोन्ही दिली आहेत. आणि सुलतानाने आपली वारसनोंद देवनागरीत, तीही मुहूर्त पाहून करविली हे पाहून रावसाहेबांच्या डोळ्यांत जे पाणी तरळले ते कोणत्याही देवालयात मी पाहिलेले नाही. “असा दप्तरी माणूस पुन्हा होणे नाही,” ते म्हणाले. नंतर आलेल्या मोगलांविषयी त्यांचे मत प्रतिकूल. अकबराने शहाजादा दानियालच्या नावावरून खानदेशचे ‘दानदेश’ करून पाहिले, ते टिकले नाही. दानियाल पुढे बऱ्हाणपुरातच मद्यापायी गेला. आणि 1615 मध्ये सर टॉमस रो नावाचा इंग्रज वकील येथे शहाजादा परवेझच्या भेटीस आला, त्याने नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी दिली, तेव्हा शहाजाद्याचा पुढचा दरबार तेवढ्यावरच आटोपला. असल्या इसमांकडे मुलूख सोपविल्यावर कागद गहाळ होणारच, हा रावसाहेबांचा निष्कर्ष.

शाही किल्ल्यातल्या हमामखान्यात छतावरची रंगीत नक्षी दाखविता दाखविता वाटाड्याने मुमताज महालाची कथा सुरू केली. 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती याच शहरी निवर्तली, तापीपलीकडे जैनाबादेच्या बागेत तिला काही महिने तात्पुरते दफन केले, आणि मग शव आग्र्यास नेले, एवढे सांगून तो बादशहाच्या शोकाचे वर्णन करू लागला. रावसाहेबांनी त्याला मध्येच थांबवून, शव हलविण्याचा हुकूम कोणाच्या सहीने निघाला, हे विचारले. वहिनी बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “चौदावं! पुढं एवढं संगमरवर ओतण्यापेक्षा आधी बिचारीला माहेरी धाडलं असतं तर?” वाटाड्याची कथा तेथेच आटली. ताजमहालावर आजवर लिहिले गेलेले पुष्कळ मी वाचले आहे; त्यात एवढी नेमकी टीका मला आढळलेली नाही.

तिसऱ्या प्रहरी रावसाहेब एका चौथऱ्यावर बसले ते उठेनात. वहिनींनी वाकून, सासरी शिकलेल्या अहिराणीत, “काय व्हयनं?” एवढेच विचारले. पायताणाचा अंगठा तुटला होता, टाचेला फोड आला होता, आणि टांगा समोर उभा होता. तत्त्वाचा प्रश्न बिकट होता. पण वहिनींनी तो चुटकीसरशी सोडविला. टांगा मी केला आहे, मी माहेरवाशीण आहे, आणि तुम्ही माझ्याबरोबर आहात, असे त्यांनी सांगताच दाव्याला बाधा न आणता बसता येते हे रावसाहेबांच्या ध्यानी आले. टांगा मावा-जिलेबीच्या दुकानाशी थांबला. खव्याची ती काळसर, जड जिलेबी रावसाहेबांनी मुकाट्याने खाल्ली, आणि रोजनाम्यात तिचा खर्च ‘स्थळपाहणी, किरकोळ’ या सदराखाली टाकला.

गाडीने रावेर मागे टाकले तेव्हा वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, आणि रावसाहेबांनी पुढचा बेत. बऱ्हाणपूर ही फारुकींची दुसरी राजधानी. पहिली थाळनेर, आपल्याच जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, हद्दीचा तंटा नाही, कोणाच्या वहिवाटीचा प्रश्न नाही, आणि सगळे पायी पाहून होण्याजोगे.

“काय आहे तिथं पाहायला?” वहिनींनी विचारले.

“किल्ला पडका आहे. पण फारुकींच्या कबरी आहेत. एक तर अष्टकोनी.”

“आणि चहा?”

रावसाहेबांनी चष्मा लावला, वही काढली आणि थाळनेरचे पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.