हयातीचा दाखला

देवळातील घंटा आपल्याकडे आत शिरताना वाजवितात. आपण आल्याची वर्दी देवाला मिळावी, हा तिचा हेतू; आणि दर्शन आटोपून परतताना ती वाजवू नये, अशी ताकीद अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयात मला वडीलधाऱ्यांकडून बालपणीच मिळालेली होती. कर्करोगाच्या रुग्णालयातील शिरस्ता मात्र नेमका उलट. अमेरिकेच्या आरमारातील अर्व्ह ली मॉइन नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याने १९९६ साली ह्यूस्टनच्या रुग्णालयात आपल्या उपचारांच्या अखेरच्या दिवशी जहाजावरची पितळी घंटा वाजविली आणि ती तेथेच नजर करून तो घरी गेला. तेव्हापासून उपचार संपलेल्या इसमाने घंटा वाजवावी व उपस्थितांनी टाळ्या पिटाव्या, अशी वहिवाट देशोदेशी पडत गेली. शेवटच्या केमोनंतर मीही ती रीतसर वाजविली. परंतु माझ्या देहाने तिचा अस्सल देशी अर्थ घेतला, आणि कोणी थोर पाहुणे आत पधारत आहेत अशा समजुतीने यच्चयावत दुष्परिणामांना तत्काळ रुजू होण्याचे हुकूम सोडले.

माझा रोग मोठ्या आतड्याचा. त्यावर शिरेतून जे औषध दिले जाते, त्याचे नाव ऑक्झॅलिप्लॅटिन; जपानातील नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी ते १९७६ साली सिद्ध केले, आणि त्याच्या गाभ्याशी खरोखरीचे प्लॅटिनम असते. आमच्या घराण्यात सोन्याच्या पलीकडचा धातू शिरल्याचा हा पहिलाच प्रसंग. शिवाय त्याचा अंश वर्षानुवर्षे शरीरात सापडतो असे समजल्यावरून, माझ्या अस्थी उल्हास नदीत सोडण्यापूर्वी एकवार सराफाला दाखवाव्यात, अशी व्यवहार्य सूचना मी चिरंजीवांना केली. ते हसले नाहीत, आणि सौभाग्यवतींनी तर रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला धरला.

या औषधाचा खरा स्वभाव ते थांबविल्यावर कळतो. हातापायांची बधिरता शेवटच्या मात्रेनंतर ओसरू लागावी, ही सामान्य माणसाची अपेक्षा. पण ती पुढे काही महिने वाढतच जाते आणि मग, लहर लागली तर, सावकाश उतरते. बदलीचा हुकूम निघाल्यावरही खुर्ची न सोडणारे साहेब मी हयातभर कोषागारात पाहिले असल्यामुळे मला याचे फारसे नवल वाटले नाही. सदऱ्याची गुंडी लावणे हा मात्र आता सबंध प्रातःकाळ व्यापणारा उद्योग झाला. बोटांना गुंडी लागत नाही, म्हणून डोळ्यांनी ती शोधावयाची. डोळ्यांना चष्मा लागतो, म्हणून तो आधी चाचपावयाचा. आणि चष्मा हाती आला आहे की नाही, हे बोटे सांगत नाहीत. बदलापूर स्थानकाच्या पुलावर उजव्या पायातील चप्पल मागे राहिल्याची खबर मला मागून येणाऱ्या एका शाळकरी मुलाने दिली, तोवर मी ती पायात असल्याच्या पूर्ण विश्वासाने अर्धा जिना उतरलो होतो.

थंडीचे प्रकरण याहून गहन आहे. या औषधाने शीत पदार्थाचा स्पर्श विजेच्या झटक्यासारखा लागतो, आणि आमचे बदलापुरातील कुळगाव तर मुंबईकर पंखा लावून निजतात त्या रात्री गोधडी काढणारे. कार्तिकातील पहाटे नळाला आलेले बारवी धरणाचे पाणी बोटावर पडले, की मला आमचे पंचवीस वर्षांपूर्वीचे वायरमन आठवतात. शीतकपाटातून दुधाची पिशवी काढण्याकरिता नातवाचे मनालीहून आणलेले लोकरी हातमोजे मी चढवू लागलो. त्या हातमोज्यांवर अस्वलाची तोंडे आहेत. दूधवाल्याने ते एकदाच पाहिले. तेव्हापासून तो मला वाकून नमस्कार करतो.

समाचाराला येणाऱ्या मंडळींची निराशा करण्याचे पातक तेवढे माझ्या हातून सतत घडते. या औषधाने केस विरळ होतात, पण टक्कल सहसा पडत नाही. दादरहून, डोंबिवलीहून गाड्या बदलून आलेला आप्त दारातच माझे मस्तक पाहतो, आणि त्याच्या मुद्रेवर फसवणूक झाल्याचा भाव उमटतो. ‘‘केस तर जागच्या जागी आहेत हो!’’ आमच्या मावसबहिणीने हे अशा सुरात म्हटले, की मी ओशाळून टोपी घातली. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर मात्र केसांच्या भानगडीत न पडता सदाफुलीची मूठभर पाने घेऊन आले व ती रोज अनशेपोटी चावावी, मधुमेहही आपसूक जाईल, असे म्हणाले. मास्तरांचे म्हणणे निराधार नव्हते, हीच तर पंचाईत. १९५२ साली जमैकातून क्लार्क नोबल या कॅनडातील डॉक्टरांकडे याच वनस्पतीची पाने एका लिफाफ्यातून आली होती आणि तीही मधुमेहावरच. त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी चार्ल्स बिअर या रसायनज्ञासह प्रयोग केले, तेव्हा साखर होती तेथेच राहिली, परंतु प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी भराभर घटल्या, आणि त्या घसरणीतून रक्ताच्या कर्करोगावरील औषधांचा मार्ग सापडला. मात्र त्यांपैकी एका औषधाच्या एका ग्रॅमसाठी वाळलेली पाने शेकडो किलो लागतात, कच्ची पाने विषारी असतात, आणि माझ्या आतड्याशी त्यांचा काहीच संबंध नाही. हे सर्व मी मास्तरांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट पाने पाठविली.

घरात मी पुरेसा आजारी ठरत नाही, आणि लोकलमध्ये तर मुळीच नाही. अपंगांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात कर्करोग्यालाही बसता येते. १९४१ पासून या रोगाशी झुंजणाऱ्या परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाणारी कितीतरी माणसे त्या डब्यात नित्य भेटतात. पण सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये बसावयाच्या जागेवरील हक्क हा दिवाणी दाव्याइतका कसून तपासला जातो. कुबडी नाही, पट्टी नाही, डोक्यावर केस शाबूत; सबब माझ्या समोरच्या गृहस्थांनी थेट कागदपत्रे मागितली. मी फाईल दिली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, बायॉप्सीच्या अहवालावर किंचित थांबले, शेजाऱ्यांचा अभिप्राय घेतला आणि ‘‘बसा, काका,’’ असा निवाडा दिला. कोषागारात इतका चोख कारकून मला क्वचितच लाभला.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची मुदत आली. निवृत्तिवेतनधारक जिवंत आहे याचा पुरावा वर्षातून एकदा मागणे, हे काम मी स्वतः अनेक वर्षे केले असून ती पद्धत मला आजही निर्दोष वाटते. समोर उभा राहून तावातावाने बोलणारा म्हातारा हा केवळ त्या कारणाने हयात मानता येत नाही. पूर्वी त्याची सही घेत. २०१४ पासून यंत्रावर अंगठा ठेवूनही हा दाखला मिळतो. माझ्या उपचारात कॅपेसिटाबीन नावाच्या गोळ्याही होत्या, आणि त्यांनी तळहातांची सालपटे निघून बोटांवरील रेषा पुसल्या जाऊ शकतात. सिंगापुरातील बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांना डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर याच कारणाने चार तास अडकवून ठेवले होते, कारण त्यांच्या बोटांना ठसेच नव्हते. मला कोणी अडकविले नाही. बँकेतील यंत्राने फक्त दहाही बोटे एकामागून एक नाकारली, आणि खिडकीपलीकडच्या मुलीने अतिशय मृदू आवाजात विचारले, ‘‘आजोबा, घरी दुसरं कोणी आहे का?’’

मग नातवाने मोबाइल काढला. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हा दाखला मिळतो. फक्त पडद्यासमोर बसून डोळे मिचकवावे लागतात, कारण छायाचित्राला ते जमत नाही. उभ्या नोकरीत मी सरकारपुढे डोळे मिचकवण्याचे धाडस केले नव्हते. ते त्या दिवशी, कोरा सदरा घालून व सर्व गुंड्या लावून, मी केले. पडद्यावर हिरवी खूण उमटली. ‘‘कधीपर्यंत?’’ सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत, असे नातवाने वाचून दाखविले. डॉक्टरांनी मला तीन महिन्यांनी रक्त तपासावयास बोलावले आहे आणि त्यापुढचे काहीही बोलण्यास त्यांची तयारी नाही. सरकारने मात्र एकरकमी बारा महिने मंजूर केले आहेत, आणि तेही लेखी.