ड्राय वाइनचा ओला हिशेब

हल्ली प्रत्येक पार्टीत एक तरी गृहस्थ असे भेटतात, की गुलाबजाम दिसला की ते मान फिरवतात, साबुदाणा खिचडी म्हटली की पोटावर हात ठेवतात आणि मग नाशिकच्या सोविन्यॉन ब्लाँचा पेला दांडीला धरून हलकेच फिरवत सांगतात, "ही ड्राय आहे हो. हिच्यात साखर नाही." डावा हात तोवर खाऱ्या दाण्यांच्या वाटीत गेलेला असतो.

साखर नाही, हे जवळपास खरंच आहे. यीस्टने ती फस्त केलेली असते. पण यीस्ट हा काही साधुपुरुष नव्हे. खाल्लेल्या साखरेचं तो अल्कोहोल करून ठेवतो. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी, अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात. म्हणजे साखर गेली, तरी तिची बरीचशी ऊर्जा वेष पालटून बाटलीतच मुक्कामाला राहिली. 13 टक्के अल्कोहोलच्या 150 मिलिलिटर वाइनमध्ये साधारण सव्वाशे कॅलरी भरतात. त्यातल्या शंभराहून जास्त एकट्या अल्कोहोलच्या. बाटली संपवली तर सहाशेच्या घरात. शिवाय पन्नास ग्रॅम दाण्यांच्या पावणेतीनशेच्या वर जातात, त्या वेगळ्याच. त्या तर कोणी धरतच नाही.

या कॅलरीने एकदा मोठं भांडण लावलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर हे शास्त्रज्ञ माणसाला एका छोट्या बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजत. अन्नाबरोबर त्यांनी अल्कोहोलही देऊन पाहिलं आणि शरीर त्यातूनही ऊर्जा मिळवतं, असं दिसलं. झालं! दारूबंदीवाले खवळले आणि दारूवाल्यांना जाहिरातीचा मजकूर आयता मिळाला. अ‍ॅटवॉटर स्वतः मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. त्यांची काय अवस्था झाली असेल!

आपल्याकडेही 2022 साली सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही, यावर महाराष्ट्र हिरिरीने भांडला. कॅलरीला त्या वादात गम्य नाही. ती द्राक्षाची जात विचारत नाही, बाटलीची किंमत विचारत नाही, पेल्याची दांडी किती नाजूक आहे तेही बघत नाही. युरोपीय संघात तर 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनच्या लेबलावर ऊर्जेचा आकडा छापणं सक्तीचंच झालं आहे. सगळी कुंडली बाटलीच्या पाठीवर!

म्हणून एवढीच विनंती: पिणारच असाल, तर चवीसाठी पिता असं खुशाल सांगा. तब्येतीचं नाव मात्र पुढे करू नका.